पाचवं दार

"हे बघा काकू, मी काही बोलत नाही. तुम्हीच बघा," असं म्हणून वकीलबाईंनी संगणकाचा पडदा द्वारकाबाईंच्या बाजूला वळवला.

पडद्यावर दोन खाने होते. डावीकडे निलाद्री एन्क्लेव्ह, हिरव्या रंगात, सुरक्षांक एक्क्याण्णव. उजवीकडे मागाची गल्ली, तांबड्या रंगात, बावन्न. खाली दोन्हीकडची तुलना मांडलेली : रस्त्यावरचा उजेड, माणसांची चाल, घरफोडीची शक्यता, रुग्णवाहिका पोचायला लागणारा वेळ. बाजारात दोन पाट्यांतली वांगी हाताने उलटीपालटी करून बघावीत, तशी सोलापुरातली कुठलीही दोन ठिकाणं आता शेजारी ठेवून बघता येत. घर घेताना, सोयरीक जुळवताना, मुलांना शाळेत घालताना लोक आधी हेच उघडत. न्यायालयही उघडत होतं.

"साठच्या खालच्या वस्तीत मूल ठेवायची परवानगी मिळत नाही," वकीलबाई म्हणाल्या. "पुढच्या तारखेला अंक साठ झालेला नसेल, तर जुईचा ताबा तिच्या वडिलांकडे जाईल. माझ्या हातात काही उरणार नाही."

"पण बाई," द्वारकाबाई हळू म्हणाल्या. त्या नेहमीच हळू बोलत. द्वारकाकाकूंचं ऐकायचं तर आधी मिक्सर बंद करावा लागतो, असं गल्लीत म्हणत. "त्या एक्क्याण्णववाल्या घरातच माझ्या लेकीचा हात मोडला ना?"

"घरातलं मोजत नाहीत हो काकू. रस्त्यावरचं मोजतात."

केतकी शेजारी डावं मनगट मांडीवर धरून बसली होती. त्यात अजून सळई होती.

घरी आल्या तर जुई खोलीच्या दारामागे उभी होती. बाहेर कुठे मोठा आवाज झाला, कुणी जोरात बोललं, की सहा वर्षांची ही पोर दारामागच्या सापटीत जाऊन उभी राही. बापाच्या घरून ती एवढंच शिकून आली होती. द्वारकाबाई तिला ओढून काढत नसत. दाराशी बसून हलक्या आवाजात आरती म्हणत. दोनतीन आरत्या झाल्या की सापटीतून एक हात बाहेर येई.

दुपारी केतकीने जुईची पाटी घेतली आणि तिच्यावर खडूने काड्यांचा माणूस काढला. खांदे, कोपर, मनगटं, गुडघे, घोटे.

"आई, यंत्राला आपण असे दिसतो. सतरा ठिपके आणि मधल्या काड्या. चेहरा नाही, कपडे नाहीत. कुंकू नाही की टोपी नाही. कायद्यानंच बंदी आहे."

"मग बरंच आहे की. जात कळत नाही, धर्म कळत नाही."

"तेव्हा सगळे असंच म्हणाले होते."

लग्नाआधी केतकीने तेच काम केलं होतं. बंद पडलेल्या गिरणीच्या शेडमध्ये मुली ओळीने संगणकापुढे बसत. दिव्याच्या खांबांवरच्या कॅमेऱ्यांनी टिपलेली काडीमाणसं समोर येत, आणि मुलींनी प्रत्येकाच्या हालचालीला नाव द्यायचं. चालतो आहे. थांबला. वाकला. मागे वळून पाहिलं. अशी लाखो नावं दिल्यावर यंत्र स्वतःच ओळखायला शिकलं. मग शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं, की घरफोडी व्हायच्या आधी त्या रस्त्यावरची चाल बदलते. कुणीतरी एका दारापुढे रेंगाळतं, आत डोकावतं, पुढच्या दारी जाऊन पुन्हा तेच करतं. वादळाआधी हवेचा दाब उतरतो, तसंच हे. दाब मोजून वादळ सांगता येतं, तर चाल मोजून गुन्हा का सांगता येऊ नये? आणि खरंच सांगता येऊ लागला. पहिल्या वर्षी शहरातल्या चोऱ्या कमी झाल्या, हे कुणी नाकारत नव्हतं.

"पण वेगळं काय ते कळायला आधी नेहमीचं काय ते शिकवावं लागतं," केतकी म्हणाली. "ते शिकवलं कुंपणाच्या वसाहतींवरून. तिथली चित्रं स्वच्छ मिळत होती ना. तिथं माणूस गाडीतून उतरतो, दारात जातो, दार लागतं. कुणी कुणाच्या दाराशी थांबत नाही. यंत्रानं तेवढंच नेहमीचं धरलं. बाकी सगळं धोक्याचं."

"आपल्याकडं तर सगळं दारातच चालतं गं."

"म्हणून तर बावन्न." केतकीने पाटीवर ओळीने पाच चौकोन काढले आणि प्रत्येकापुढे एक काडीमाणूस उभा केला. "आता सांग, तू शुक्रवारी काय करतेस?"

द्वारकाबाई शुक्रवारचा उपवास धरत. सकाळी न्हाऊन, कपाळावर मळवट भरून, हातात वेताची परडी घेऊन पाच घरी अंबाबाईचा जोगवा मागत. घरात काही कमी होतं म्हणून नव्हे. दुसऱ्याच्या दारात हात पसरला की मनातला ताठा गळतो, म्हणून. उंबरा ओलांडायचा नाही. दारात उभं राहून हाक द्यायची, परडीत मूठभर ज्वारी पडली की पुढचं दार. पाच घरच्या त्या ज्वारीची भाकरी हेच त्या दिवसाचं एकवेळचं अन्न. केतकी पोटात असताना धरलेलं हे व्रत बाळंतपण आणि सुतक सोडता कधी चुकलं नव्हतं.

"थांबली. आत बघितलं. हात पुढं केला. पुढच्या दारी गेली. पुन्हा तेच," केतकीचा खडू एकेका चौकोनावर टेकत गेला. "दर आठवड्याला, त्याच वारी, त्याच वेळी. टेहळणी म्हणतात याला. वरून तशी सूचना होती. असल्या कितीतरी चित्रांना मीच तसं नाव दिलंय. काडीच्या हातात परडी दिसत नाही, आई."

द्वारकाबाई पाटीकडे बघत राहिल्या. जुईने मध्येच येऊन पाचव्या दारापुढच्या काडीमाणसाला एक लांब वेणी काढली आणि म्हणाली, "ही आजी."

गल्लीतली माणसं त्या रविवारी द्वारकाबाईंच्या घरात जमली. जमली म्हणजे एकेक करून, न रेंगाळता आली. मौलामामा रिक्षा लावून आले. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "मी कट्ट्यावर बसतो तोपण गुन्हा का?"

"बसणं नाही हो मामा," केतकी म्हणाली. "उठून दोन पावलं चालायचं, इकडंतिकडं बघायचं आणि परत बसायचं, ते."

"अगं ती माझी पाठ आहे! मणका दाखवू का खांबाला?"

"ह्या मौलाला बघून यंत्र काय, मीपण घाबरते," नरसव्वा म्हणाली आणि सगळे हसले. नरसव्वा गल्लीच्या टोकाच्या घरात एकटी राहणारी म्हातारी. जन्मभर हातमागावर बसून कंबर धरलेली, बोलणं अजून तेलुगू वळणाचं. जोगव्याचं पाचवं दार तिचं. चार घरं फिरून आलेल्या द्वारकाबाईंना ती आधी तांब्याभर पाणी देई, मग ज्वारी.

ठरायला फार वेळ लागला नाही. जुईसाठी तर होतंच, पण प्रत्येकाचं आपलंही काही होतं. लाल गल्लीत रुग्णवाहिका वळत नसे. मागच्या वर्षी मौलामामांच्या भावाला हातगाडीवर घालून मोठ्या रस्त्यापर्यंत न्यावं लागलं होतं, आणि तेवढ्यात तो गेला होता. म्हणून ठरलं : दारं लावून घ्यायची. कट्टे मोकळे ठेवायचे. कुणाच्या दारात थांबायचं नाही, हाक मारायची नाही, सरळ चालायचं.

"आणि जोगवा गं?" नरसव्वाने विचारलं.

"घरातच मागेन म्हणते, तारीख होईपर्यंत. देवीला सांगेन."

"घरातल्या घरात मागायला जोगवा काय चहा आहे होय?" नरसव्वा फणकारली. मग जुईकडे बघून तिचा आवाज उतरला. "बरं बाई. पोरीसाठी. पण मी मेले तर कळणार कसं तुम्हाला?"

"असं काय बोलता."

"दुधाची पिशवी," तिनेच उपाय काढला. "पोरगा पहाटे माझ्या कडीला अडकवून जातो. पिशवी आत गेली, की समजायचं म्हातारी आहे. जाताजाता नजर टाकायची, थांबायचं काम नाही."

गल्ली बदलली. सुरुवातीला तो खेळच वाटला. जुईला तर फार आवडला. ती आजीचा हात धरून दुकानापर्यंत एका रेषेत चाले आणि मध्ये कुणी दिसलं तर ओठ मिटून फक्त डोळ्यांनी हसे. "आजी, थांबायचं नाही हं," ती दटावे. शाळेतही आता हेच शिकवत होते : दाराशी कुणी थांबलं तर दार उघडायचं नाही, आतूनच म्हणायचं, दाराशी थांबू नका, पुढे जा.

अंक चढू लागला. चोपन्न झाला, मग सत्तावन्न. किराणा पोचवणाऱ्या गाड्या गल्लीत वळायला लागल्या. एकदा रुग्णवाहिकाही आली, चुकून, दुसऱ्याच कुणासाठी. पण ती बघायला सगळे खिडक्यांशी आले. खिडकीशी यायला हरकत नव्हती.

शुक्रवारी द्वारकाबाई आपल्याच डब्यातलं पीठ परडीत घेत आणि त्याची भाकरी करत. भाकरी तीच, तवा तोच. घास मात्र तोंडात फिरत राही. अंबाबाईपुढे बसून त्या म्हणत, "आई, एवढी तारीख जाऊ दे." देवीचे चांदीचे डोळे त्यांच्याकडे बघत असत. नेहमीसारखेच.

तारीख शनिवारी होती. आदल्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, अंक साठ झाला. बरोबर साठ, हिरव्याच्या अगदी काठावर. केतकीने जुईला उचलून गोल फिरवलं. सळईच्या हातानेही.

द्वारकाबाई जुईला शाळेच्या बसपर्यंत सोडायला निघाल्या. नरसव्वाच्या घरावरून जाताना त्यांनी सवयीने नजर टाकली. कडीला दुधाची पिशवी लटकत होती.

त्यांचं पाऊल हळू झालं.

"आजी," जुईने हात ओढला. "थांबायचं नाही."

त्या थांबल्या नाहीत. परत येताना पिशवी तशीच होती. आतून काही ऐकू येतंय का म्हणून त्यांनी कान दिला. चालताचालता जेवढा देता येतो तेवढा. बाजूच्या घरात कुकरची शिट्टी झाली आणि त्यात जे काही असेल ते बुडालं.

घरी येऊन फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. "तिला ऐकू कुठं येतं," केतकी म्हणाली. "पुन्हा लाव." पुन्हा लावला. मग केतकीने शहराच्या मदतवाहिनीला विचारलं. गोड बायकी आवाजात उत्तर आलं : "मागाची गल्ली सध्या सुरक्षित आहे. कोणतीही असामान्य हालचाल आढळलेली नाही. प्रत्यक्ष पाहणीसाठी पथक पाठवल्यास आपल्या गल्लीची नोंद घटनाग्रस्त अशी होईल. पथक हवे असल्यास हो म्हणा."

फोन दोघींच्या मध्ये टेबलावर होता. आवाजाने पुन्हा विचारलं. केतकीने फोन उचलून बंद केला.

"अक्कलकोटला गेली असेल बहिणीकडं," ती म्हणाली.

"दूध नको म्हणून सांगून गेली असती."

"विसरली असेल. वय झालंय."

"मी जाऊन बघून येते गं. एकदाच."

"आई, घटनाग्रस्त झालं की दहा अंक जातात. नुसतं दाराशी जाऊन हाका मारल्यास तरी दोन जातील. आज साठ आहे." केतकीचा आवाज चिरकला. "उद्या सकाळी अकराला न्यायालय अंक बघणार. अकरापर्यंत थांब. मग मी स्वतः दार तोडते. बापाकडं, त्या अमोघकडं गेली ना पोर, तर ती कुठल्या दारामागं उभी राहील, सांग मला!"

द्वारकाबाईंनी मौलामामांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "काकू, तुम्ही म्हणाल तसं. पोर तुमची आहे." त्यांनाही ठरवायचं नव्हतं. कुणालाच नव्हतं.

न्हाऊन झालं होतं. मळवट भरून झाला होता. परडी हातात घेऊन द्वारकाबाई उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. एरवी ह्या वेळी त्या पहिल्या दारात असत. थोड्याच वेळात पाचव्या. गल्ली रिकामी होती. घासून ठेवलेल्या ताटासारखी लख्ख. टोकाला कडीवर एक पांढरा ठिपका दिसत होता. खांबावरचा कॅमेरा त्यांच्याकडेच बघत होता की नाही, सांगता येत नव्हतं.

त्या देवघरात जाऊन बसल्या. परडी पुढे ठेवली. दिवसभर त्यांनी जप केला आणि दिवसभर त्यांना माहीत होतं, की आपण जप करत नाही, कान बंद करून बसलो आहोत.

शनिवारी अंक एकसष्ट झाला होता. गल्लीतल्या एका दाराची हालचाल पूर्ण थांबली होती, आणि यंत्राच्या लेखी तेवढी गल्ली आणखी सुरक्षित झाली होती. न्यायालयात फार बोलणं झालं नाही. अमोघच्या वकिलाने एक्क्याण्णव दाखवले, पण साठची अट पुरी झाली होती. जुई आईकडे. फक्त, निकाल वाचताना न्यायाधीशबाईंनी पुढचं वाक्यही वाचलं : दर तीन महिन्यांनी अंक तपासला जाईल आणि तो खाली गेल्यास ताब्याचा फेरविचार होईल.

केतकी रडत हसत होती. द्वारकाबाई रिक्षाकडे चालत सुटल्या होत्या.

कडीला दोन पिशव्या होत्या. एकीला मुंग्या लागल्या होत्या. मौलामामांनी दाराला खांदा लावला, दुसऱ्या धक्क्याला आतली कडी निघाली.

नरसव्वा दारापासून हातभर अंतरावर पडली होती. मागाच्या खोलीपासून दारापर्यंत लुगडं सरपटल्याची खूण धुळीत उमटली होती. खुब्याचं हाड मोडलं असावं, डॉक्टर म्हणाले. मोडल्यावर माणूस लगेच जात नाही. आज पहाटेपर्यंत जीव असणार.

"ओरडल्या असतील की," डॉक्टर म्हणाले. "कुणी ऐकलं नाही?"

उंबऱ्याच्या आतल्या बाजूला भिंतीशी एक पितळेचा तांब्या होता. पाण्याचा, नेहमीचा. त्याच्याशेजारी सुपात ज्वारीच्या लहान लहान ढिगुळ्या होत्या, एकमेकींपासून जरा जरा अंतर ठेवून. इतक्या शुक्रवारी कुणी मागायला आलं नव्हतं, तरी म्हातारीने दर शुक्रवारी एक मूठ काढून ठेवली होती. एकीत दुसरी मिसळू दिली नव्हती. ज्या शुक्रवारची त्या शुक्रवारला.

द्वारकाबाईंनी ती ज्वारी परडीत घेतली नाही. मागितल्याशिवाय आलेलं ते जोगव्याचं नव्हतं, आणि मागायची वेळ कालची होती.

बातमी पसरली तशी गल्लीतली दारं उघडली. माणसं बाहेर आली, नरसव्वाच्या दाराकडे निघाली. बायकांनी पदर तोंडाला लावले. केतकीने एकदा खांबाकडे पाहिलं आणि ती दारात आडवी उभी राहिली. तिचे डोळे सुजले होते.

"सगळे एकदम थांबू नका," ती म्हणाली. "दोघं दोघं या. दर्शन घ्या आणि पुढं चला. पाया पडते तुमच्या. सरळ चालत राहा."

मौलामामांनी तिच्याकडे पाहिलं.

"मयतपण सरळ रेषेत न्यायची का, पोरी?"

केतकीने मान खाली घातली. पण हललीही नाही. आणि माणसं, तिच्यावर रागावलेली, स्वतःवर रागावलेली, खरोखरच दोघं दोघं येऊन, न थांबता पुढे गेली. त्यांना आता तशी सवय झाली होती. नरसव्वाची तिरडी उचलली तेव्हाही खांदेकरी मध्ये कुठे विसाव्याला टेकले नाहीत.

त्या दिवसाने अंक थोडा उतरला. आठवड्यात भरून आला. नरसव्वाचं घर बंद झालं, आणि बंद घरासमोर कुणी थांबत नाही.

पुढचा शुक्रवार आला. केतकी कामाला गेली होती. खांबांवरच्या कॅमेऱ्यांच्या त्याच कंपनीत तिला पुन्हा घेतलं होतं. अनुभव होता ना. द्वारकाबाईंनी न्हाऊन मळवट भरला. पण आपल्या डब्यात हात घालून पीठ घ्यावं असं आज त्यांना वाटेना. त्यांनी घरातली दारं मनाशी धरली. पुढचं, मागचं, देवघराचं, स्वयंपाकघराचं आणि जुईच्या खोलीचं. पाच भरत होती.

प्रत्येक दाराशी त्या उभ्या राहिल्या. "अंबाबाईचा जोगवा," म्हणाल्या, आणि आतून कुणी येणार नाही हे ठाऊक असूनही जरा थांबून, पुढच्या दाराकडे वळल्या. चार दारं झाली. परडी रिकामी होती. पण पाचव्या दारामागे माणूस होतं. जुई शाळेला सुट्टी म्हणून घरी होती. एक मूठ ज्वारी वाटीत घालून त्यांनी मघाशीच तिच्या खोलीत ठेवली होती.

दार लावलेलं होतं. द्वारकाबाईंनी परडी पुढे केली.

"अंबाबाईचा जोगवा."

आत पावलांचा आवाज झाला. मग तो दारामागच्या सापटीत गेला.

"जुई, मी गं. आजी."

मग शाळेत घोटून घेतलेल्या, स्वच्छ, नम्र आवाजात आतून उत्तर आलं :

"दाराशी थांबू नका. पुढे जा."

द्वारकाबाईंना हाक मारायची होती. आरती म्हणायची होती. पुढे केलेली परडी त्यांनी मागे घेतली. पोर चुकत नव्हती. त्यांनीच हात धरून, रोज, एका रेषेत, हे शिकवलं होतं.

त्या पुढे गेल्या. पुढे भिंत होती.